अकराव्या दिवसाचं दूध

मी हे लिहावं असं माझ्या सुनेनं सांगितलं. "बाबा, औषधांची नावं लिहू नका, लोक दुकानातून घेऊन खात बसतात. आपलं काय चुकलं तेवढं लिहा," असं म्हणाली. तिचं नाव केतकी. या हकिगतीत सगळ्यांत जास्त तिचं गेलं, त्यामुळे काय लिहायचं आणि काय नाही हे ठरवायचा हक्क तिचाच होता. तिनं काहीच गाळायला सांगितलं नाही. ती धारची, शाळा हिंदीतून झाली. मराठी घडाघडा बोलते पण वाचताना अडखळते. म्हणून लिहून झालेलं पान मी तिला वाचून दाखवतो, आणि मग पुढचं लिहितो.

मी देवासला राहतो. एकतीस वर्षं सरकारी शाळेत आठवीला विज्ञान शिकवलं. 'दूध हमेशा उबालकर पीना चाहिए' हे वाक्य फळ्यावर किती वेळा लिहिलं असेन त्याला गणती नाही. परीक्षेत कारण लिहिलं नाही तर मी मार्क कापायचो. आणि घरी रोज सकाळी आंघोळ करून, सोवळं नेसून देवाला निरसं दूध घालायचो आणि तेच पंचामृत म्हणून लोकांच्या हातावर द्यायचो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण माझ्यासाठीच केलेली असावी.

घराला लागून आमचं दत्ताचं छोटं देऊळ आहे. पणजोबा संस्थानच्या नोकरीत इकडे आले तेव्हा त्यांनी बांधलेलं. घर नवं झालं, नोकऱ्या बदलल्या, पूजा आमच्याकडेच राहिली. तिथला नियम असा की अभिषेकाचं दूध गाईचं आणि निरसं, म्हणजे न तापवलेलं. तापवलं की ते शिजलं, आणि शिजलेलं अभिषेकाला चालत नाही. त्यासाठी मागच्या अंगणात एक गाय कायम असे. माझ्या वेळची गाय म्हणजे गौरी, घरीच जन्मलेली.

गौरी सहा महिन्यांची कालवड असताना जनावरांच्या दवाखान्यातले चौहान भिया (इकडे भैयाला भिया म्हणतात) लस टोचायला आले होते. "सर, छोटी बछिया को एक ही बार लगता है। बाद में नी लगता," असं त्यांनी नीट समजावून सांगितलं. लशीला माझी ना नव्हती. पण लशीबरोबर कानात पिवळा बिल्ला मारणार होते, आणि देवाची गाय अव्यंग हवी. भोक पडलेला कान कसा चालेल? मी म्हणालो, "भिया, भगवान की गाय है, कहीं आती-जाती नहीं। इसको कौन सी बीमारी होगी?" चौहान हसले, वही मिटली आणि शेजारच्या घरी गेले. विज्ञानाच्या मास्तराशी कोण वाद घालणार!

रेवा

त्या वर्षी चैत्रात नेमावरकडच्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. त्याची आई वारली होती. आईच्या नावानं गाय दान करायची होती आणि ती आमच्या दत्तालाच द्यायची असं त्याच्या मनात होतं. नर्मदेच्या काठावर संकल्प झाला. मी गाईच्या शेपटीवरून सुटलेलं पाणी ओंजळीत घेतलं आणि ती गाय आमची झाली. पांढरी, मोठ्या डोळ्यांची, तीन महिन्यांची गाभण. नर्मदेवरून तिचं नाव आम्ही रेवा ठेवलं.

इकडे म्हणतात, दान की बछिया के दाँत नहीं गिने जाते. आम्ही तिचे दात मोजले नाहीत, ती याआधी कितीदा व्याली ते विचारलं नाही, रक्त तपासायचं तर डोक्यातही आलं नाही. विकत घेतली असती तर चार प्रश्न विचारले असते. दानाच्या गाईला प्रश्न विचारणं म्हणजे देणाऱ्याच्या श्रद्धेवर शंका घेणं. त्याच दिवशी तिला गौरीच्या शेजारी बांधली, एकाच गव्हाणीवर.

श्रावणात सातव्या महिन्यात रेवा गाभडली. वासरू मेलेलंच पडलं. वासरामागून पडायचा जार आत अडकून राहिला होता. आमचे आजोबा, वडील जसं करत आले तसंच मी केलं. धोतर वर खोचलं आणि कोपरापर्यंत हात घालून तो ओढून काढला. बोटाला विळीवर कापलेलं होतं, तेही तसंच. मग हात साबणानं धुतले, वर गोमूत्र शिंपडलं, आंघोळ केली. जार अंगणामागच्या उकिरड्यात टाकला. कुत्र्यांनी तो ओढत गल्लीपर्यंत नेला.

यानंतर जे झालं ते सांगताना मला आजही स्वतःचा राग येतो. गाय व्याली की दहा दिवस तिचं दूध देवाला चालत नाही, असा आमच्याकडे नियम आहे. पण वासरू मेलेलं असेल तर ते व्यालेलं धरायचं का? यावर माझा आणि बायकोचा, उषाचा, दोन दिवस वाद चालला. वडिलांची वही काढली, पंचांग काढलं. शेवटी ठरलं की शंका नको, पूर्ण दहा दिवस पाळायचे. त्या दहा दिवसांत तिच्या दुधाचा थेंबही आम्ही देवळात नेला नाही. अकराव्या दिवशी सकाळी मोठ्या समाधानानं तिच्या निरशा दुधाचा अभिषेक केला. आम्ही एवढे काटेकोर! जंतू दिवस मोजत नाहीत हे मी आठवीच्या मुलांना शिकवलेलं होतं.

त्याच सुमारास केतकीला दिवस राहिले. लग्नाला तीन वर्षं झाली होती, घरात सगळे वाट बघत होते. बँकेत जाण्याआधी ती रोज देवळात यायची. मी तिच्या हातावर एकाऐवजी दोन पळ्या तीर्थ घालायचो. "बाळाची एक," म्हणायचो.

ताप

गणपती गेले आणि मला ताप सुरू झाला. दुपारपर्यंत बरा असायचो. दिवस कलला की आधी पाठीतून थंडी जायची, मग अंग तापायचं, आणि पहाटे एवढा घाम की उषा माझ्याखालची चादर पिळायची. घामाला ओल्या गवतासारखा वास येई. सांधे धरले. देवळाच्या तीन पायऱ्या चढायला मी भिंतीला हात लावू लागलो.

आधी मलेरिया म्हणाले. मग मोतीझिरा, म्हणजे टायफॉइड, म्हणून पंधरा दिवस गोळ्या झाल्या. ताप जायचा, आठ दिवसांनी परत यायचा. तिसऱ्या डॉक्टरनी मणक्याच्या टीबीची शंका काढली. सगळ्यांनी विचारलं, बाहर का कुछ खाया? मी अभिमानानं सांगायचो की मी बाहेरचं पाणीही पीत नाही. घरी गाय आहे का असं कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी गाय हे आजाराचं कारण असू शकतं असं मी मानलं नसतं.

एक गोष्ट पुरुषांसाठी लिहून ठेवतो. मला अंडकोशाला सूज आली होती, दुखत होतं, आणि साठीच्या वयात हे कुणाला सांगायचं म्हणून मी डॉक्टरपासूनही लपवलं. नंतर कळलं की त्या एका गोष्टीवरून आजार लवकर ओळखता आला असता. लाज बाजूला ठेवून सांगा.

दिवाळीत मी अंथरुणावर होतो. मुलगा मंदार कामावरून आला की माझे पाय दाबायचा, आणि एरवी चार शब्द न बोलणारा तो मुलगा उगाच शाळेतल्या गमती आठवून सांगायचा. माझं वजन एवढं उतरलं होतं की सोवळं कमरेवर राहीना. मी मरणार असं मला वाटत होतं आणि त्याची भीतीही वाटत होती. आयुष्यभर देवाची पूजा केलेल्या माणसाला मरणाची भीती वाटू नये असा समज आहे. मला वाटली. नातवंडाचं तोंड बघायला मिळो, एवढंच रोज मागत होतो.

चौहान भिया

मार्गशीर्षात गौरी गाभडली. आता माझ्या अंगात ताकद नव्हती म्हणून मंदारनं चौहानांना बोलावलं. ते फाटकातून आत येतायेताच ओरडले, "हाथ मत लगाना सर! कोई हाथ नी लगाएगा!" मंदार बाह्या सरसावून उभा होता, तो मागे सरला.

चौहानांनी खांद्यापर्यंतचे मोजे चढवले, काम केलं, खड्डा खणायला लावून सगळं चुन्यात पुरलं आणि दोन्ही गाईंचं रक्त घेतलं. मंदार खड्ड्यावर माती लोटत मागेच राहिला आणि चौहान हात धुऊन माझ्याजवळ बसले. मी गोधडी पांघरून ओट्यावर उन्हात बसलो होतो.

"सर, पहली वाली का जेर किसने निकाला था?"

"मैंने."

"हाथ में कुछ पहना था?"

"हाथ में क्या पहनते? जनेऊ कान पर चढ़ाया था," मी म्हणालो. मला तो विनोद वाटला होता. चौहान हसले नाहीत.

"आपको ये बुखार कब से है?"

मी सांगितलं. ताप, घाम, कंबर. त्यांनी मान हलवली. "मेरेको भी हुआ था। दो साल कमर पकड़के घूमा। ब्रुसेलोसिस बोलते हैं। कल इंदौर जाओ और डॉक्टर को साफ बोलो कि गाय ने बच्चा फेंका था और मैंने हाथ से निकाला। घर में कच्चा दूध तो कोई नी पीता?"

"नहीं," मी म्हणालो. मी खोटं बोललो नव्हतो. पंचामृताला आम्ही दूध पिणं म्हणत नाही.

सहा दिवस

इंदूरला तपासणी झाली. मंदार कामावर होता, म्हणून मी एकटाच बसनं गेलो होतो. दोन दिवसांनी अहवाल फोनवर आला. चौहानांचं खरं निघालं. डॉक्टर फोनवर म्हणाले की सहा आठवडे गोळ्या, सोबत इंजेक्शनं, एक दिवसही चुकवायची नाही, बरे व्हाल. मग त्यांनी विचारलं, "घर में कोई गर्भवती तो नहीं? कच्चा दूध किसी ने लिया हो तो सबकी जाँच कराइए."

दत्तजयंती सहा दिवसांवर आली होती.

इथून पुढचं वाक्य मी चार वेळा लिहून खोडलं. मी घरी कुणाला सांगितलं नाही. सांध्यांचं काहीतरी आहे, औषध मिळालं, असं म्हणालो आणि ताकास तूर लागू दिली नाही. मनाशी हिशेब असा होता की पोर चार महिने तीर्थ घेते आहे, ठणठणीत आहे. सहा दिवसांनी काय होणार? जयंतीला अख्खी गल्ली येते. तेव्हा जर बाहेर पडलं की दत्ताच्या तीर्थातून रोग होतो, तर चार पिढ्यांच्या पूजेचं काय राहील? जयंती होऊ दे, मग सांगतो.

एवढं मात्र मी केलं, की जयंतीच्या आदल्या दिवशी उषाला म्हणालो, "उद्याला पाकिटाचं दूध आणूया का? रेवाला दूध कमी आहे."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "पाकिटाचं? शिजवलेलं दूध देवाला, आणि जयंतीला? अहो, तापानं तुमचं डोकं फिरलंय का?"

त्या क्षणी खरं कारण सांगायचं होतं. एका वाक्याचं काम होतं. मी म्हणालो, "बरं, राहू दे."

जयंतीला मी पाटावर बसून तीर्थ दिलं. तीर्थ घेताना जो श्लोक म्हणतात त्यात अकाली मरण टळो आणि सगळ्या व्याधी जावोत असं मागणं आहे. तो म्हणत मी प्रत्येकाच्या हातावर पळी रिकामी केली. जोशी काकूंची सातव्या महिन्यातली सून होती, पोरं होती, म्हातारे होते. केतकी रांगेत शेवटी आली, नव्या हिरव्या साडीत, आता पोट दिसू लागलेलं. तिनं हात पुढे केला. मी एकच पळी घातली. ती हसून म्हणाली, "बाबा, बाळाची विसरलात." मी दुसरी घातली.

दुसऱ्या दिवशी तिला ताप आला.

इंदूर

त्या दुपारी मी सगळ्यांसमोर सांगितलं. मंदारनं गाडीची किल्ली घेतली आणि केतकीचे कपडे भरायला लागला. उषा म्हणाली, "मला पाकिटाचं विचारलंत तेव्हा तुम्हाला माहीत होतं?" मी हो म्हणालो. त्यानंतर ती माझ्याशी कितीतरी दिवस जेवायला वाढण्यापुरतं बोलली. मला ते योग्यच वाटलं.

केतकीचं रक्त तसंच निघालं. तिला इंदूरच्या रुग्णालयात ठेवलं. माझी कंबर तोपर्यंत पूर्ण धरली होती, म्हणून मलाही त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर ठेवलं. सकाळी सहाला थर्मामीटर, सातला चहा, मग पार्श्वभागात इंजेक्शन, की तासभर त्या कुशीवर वळता येत नाही. गोळ्यांनी लघवी शेंदरी होते. आधी कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे मी रक्त समजून ओरडलो. नर्सबाई म्हणाल्या, "अंकल, दवाई का रंग है, होली समझ लो." त्या आजारपणात मी पहिल्यांदा हसलो ते तिथे.

शेजारच्या खाटेवर धामनोदकडचा एक दूधवाला होता. त्यालाही हेच. "मेरे बाप को भी यही रहा होगा," तो म्हणाला. "सब बोलते थे वात है। कमर झुकते-झुकते मर गया। हम दूध का काम करते रहे।" त्याच्या घरून बाजरीची भाकरी आली की तो अर्धी मला द्यायचा. केतकीचे वडील धारहून रोज येत. मुलीकडे बसून मग वर माझ्याकडे येत, डब्यातली मुगाची खिचडी वाटीत काढून देत. माझ्यामुळे त्यांची लेक तिथे होती हे त्यांना ठाऊक होतं. ते फक्त म्हणत, "व्याही, गरम आहे तोवर खा." तेवढं माणूसपण मला झेपत नव्हतं. ते गेले की मी रडत असे.

रोज अकराला मी लिफ्टनं खाली जाऊन केतकीच्या खोलीच्या दाराशी उभा राहायचो. ती म्हणायची, "या ना बाबा." मी आत जायचो. तपासणारी डॉक्टर यंत्र लावून ठोके ऐकवायची, धडधड धडधड, आणि मी मनातल्या मनात मोजायचो.

नवव्या दिवशी ठोके लागले नाहीत.

मुलगी होती. मंदारनं आणि केतकीच्या वडिलांनी जे करायचं ते केलं. मी वर खाटेवर पडून होतो. छताकडे बघत मला एकच आठवत होतं, की रेवाचं वासरू पडलं तेव्हा मी दोन दिवस नियमावर वाद घातला होता.

मी डॉक्टरना विचारलं, ते सहा दिवस आधी सांगितलं असतं तर वाचलं असतं का? त्या म्हणाल्या, सांगता येत नाही, लागण आधीच झालेली असणार, पण औषध जितकं लवकर तितकं बरं. सांगता येत नाही. हे उत्तर घेऊन मी जगतो आहे. 'हो' म्हणाल्या असत्या तर एकदाची शिक्षा तरी झाली असती.

गुरुवार

केतकी घरी आली. बायका भेटायला येत, हळूहळू बोलत, कुणाची दृष्ट लागली, कुठे पाय पडला, असं विचारत. चौथ्या दिवशी ती स्वतः माझ्या खोलीत आली. मी उठायला लागलो तर म्हणाली, "बसा. बाबा, सगळ्या मला विचारून राहिल्यात काय झालं. मी खोटं नाही बोलणार. जोशी काकूंच्या सुनेला आठवा लागलाय. तिनेपण तुमच्याच हातचं घेतलंय."

"मी सांगतो," मी म्हणालो.

"कधी?" तिनं विचारलं. आवाज चढवला नाही. "जयंती तर झाली ना आता."

त्याच गुरुवारी आरतीनंतर मी देवळात उभा राहिलो. मराठीत सुरुवात केली, मग हिंदीत, कारण अर्धी गल्ली हिंदीवाली. गाय गाभडली, मी हातानं जार काढला, तेच दूध तीर्थात गेलं, मला रोग झाला, सुनेला झाला, नात गेली. आणि मला कळल्यावरही मी सहा दिवस लपवून तुम्हाला तीर्थ दिलं. ज्यांना ताप, घाम, कंबर आहे त्यांनी आणि पोटुश्या बायकांनी उद्याच तपासून घ्या.

गल्लीतले एक आजोबा उठून म्हणाले, "पंडितजी, गोमाता के दूध से बीमारी? उमर हो गई है आपकी." ते तरातरा निघून गेले. जोशी काकूंनी पर्समधून फोन काढला आणि तिथेच उभ्या राहून सुनेला लावला. नंतर दवाखान्याचे लोक आले, रक्त घेऊन गेले. गल्लीतल्या दोघांना रोग निघाला. त्यांतले एक तेच आजोबा. औषधाच्या दिवसांत त्यांच्या घरी डबा मी नेऊन द्यायचो. ते दार उघडायचे, डबा घ्यायचे आणि दार लावून घ्यायचे.

जोशी काकूंच्या सुनेचं रक्त स्वच्छ निघालं. फाल्गुनात तिला मुलगी झाली. बारशाला केतकी गेली. मी गेलो नाही.

रेवाचं काय केलं

नेमावरच्या विद्यार्थ्याला मी फोन केला. रागावून केला होता. तो म्हणाला, "सर, दो बार बच्चा फेंक चुकी थी। सोचा भगवान के घर जाएगी तो ठीक हो जाएगी।" मला पुढे रागावता येईना. त्यानं देवावर सोडलं, मी पंचांगावर सोडलं. त्याला एवढंच सांगितलं की तुझ्या गोठ्यातली बाकीची जनावरं तपासून घे, स्वतःही तपास.

दोन्ही गाईंचं रक्तही तसंच निघालं होतं, आणि गाईंना यावर धड औषध नाही. दोघीही पुढे हा रोग देत राहू शकतात. लोकांनी सल्ले दिले, गोशाळेत सोडा, कुणाला तरी दान द्या. चौहान म्हणाले, "न बेचना, न दान करना। जैसे आपके यहाँ आई, वैसे ही दूसरे के यहाँ जाएगी।" म्हणून दोघी इथेच आहेत, मागच्या कोपऱ्यात वेगळ्या बांधलेल्या, वेगळी बादली, वेगळं पाणी. पुन्हा गाभण ठेवणार नाही, दूध काढत नाही. मी हातमोजे आणि गमबूट चढवल्याशिवाय जात नाही. दोघींच्या कानात पिवळे बिल्ले आहेत. रेवा माझा हातमोजा चाटायला येते. तिचा काय दोष?

गल्लीत कुणाकडे कालवड झाली की मीच चौहानांना फोन करतो आणि या रोगाची, गौरीची राहून गेलेली लस टोचताना तिचं तोंड धरून उभा राहतो. कुणी कुरकुर केली की मी त्यांना माझ्या गोळ्यांच्या दिवसांबद्दल सांगत बसतो, मग ते कंटाळून कबूल होतात.

आता

मूर्तीला आता पाण्याचा अभिषेक करतो. पंचामृताचं दूध पाकिटाचं, आणि तेही तीन उकळ्या काढून गार केलेलं. शिजवलेलं चालतं का, असं अजून एखादा विचारतो. मी म्हणतो, देवाला विचारून घ्या, मी माझ्यापुरतं ठरवलंय. उषा दूध तापवताना शेगडीपाशी उभी राहते, उकळ्या मोजते. आमचं बोलणं आता पूर्वीसारखं झालं आहे, बहुतेक.

देवळात गर्दी कमी झाली. केतकी काही महिने आलीच नाही, आणि मी बोलावलं नाही. मग श्रावणातल्या एका सकाळी बँकेची पर्स खांद्याला लावून ती समोर येऊन उभी राहिली. मी पळी भरली. तिनं हात पुढे केला नाही.

"उकळलंय ना, बाबा?"

"हो. तीन उकळ्या."

तिनं माझ्याकडे नीट बघितलं, वर्गात आपण खोटं बोलणाऱ्या मुलाकडे बघतो तसं. मग तळवा उघडला. मी एक पळी घातली.

त्याला आता वर्ष होत आलं. दूध पाकिटाचं असतं हे तिला माहीत आहे, पाकीट कित्येकदा तीच आणते. पातेलं शेगडीवर तिच्यासमोर चढतं. तरी रोज विचारते. मी रोज सांगतो. आणि उत्तर ऐकेपर्यंत ती हात उघडत नाही.